लॉन काढून टाकलं, आता ऑफिस टाइम पेरायचंय. बियांपासून कुणी केलंय का?

माळरान
मंडळी, नमस्कार. बार्शीत घरापुढे साधारण ४०० चौरस फुटांचा उतार आहे. आधीच्या मालकांनी तिथे लॉन लावलं होतं. गावात टँकर फिरत असताना आपण गवत भिजवत बसायचं हे काही बरं दिसेना, म्हणून उपटून टाकलं. आता खाली मुरूम, वर जेमतेम चार बोटं माती आणि दिवसभर ऊन. बोअर आहे, पण पाणी मचूळ.

जमिनीलगत पसरणारं, जाड पानांचं, आठवड्यातून एकदा पाणी दिलं तरी तक्रार न करणारं काहीतरी हवंय. डोक्यात ऑफिस टाइम आहे, काही ठिकाणी चिनी गुलाब म्हणतात तेच. एवढ्या जागेला तयार रोपं घ्यायची तर हिशेब अंगावर येतो, म्हणून बियांचा विचार. ऑनलाइन शोधताना आइस प्लांटची पाकिटंही दिसली, फोटो तर असे की घर विसरून बागेतच राहायला जावं. ते आपल्याकडे टिकतं का? आणि पेरायचं कधी, थेट उतारावर की ट्रेमध्ये? वळवाच्या पहिल्या सरीत सगळं बी गटारात जाईल अशी भीती वाटते.

चुकार_तट्टू
ऑफिस टाइम लावाच. सकाळी नऊ-दहाला उघडतं, दुपारनंतर बंद. ढग आले तर हजेरीच नाही. घरात निवृत्त माणूस असेल तर त्याला करमेल.

तिसरा_मजला
अहो, बी कशाला? फांदी तोडा, दोन दिवस सावलीत टाका, खोचा. आठवड्या-दहा दिवसांत मुळं. माझी पुण्यातली अख्खी गच्ची शेजारच्या काकूंच्या एका कुंडीतून झाली आहे. बी इतकं बारीक असतं की पाकीट उघडताना शिंक आली तर संपलं.

बियांपासूनच करायचं असेल तर एक सांगते. थोड्या पांढऱ्या रांगोळीत बी मिसळा, म्हणजे कुठे पडलं ते दिसतं.

रोपवाले_अण्णा
माळरान, ताई म्हणतात ते कुंडीपुरतं खरं आहे. फांदीने झाड लवकर होतं. पण एका कुंडीतून आणलेली सगळी झाडं एकाच रंगाची, आणि ४०० फुटांना फांद्या आणायच्या कुठून? बीच घ्या. ऑफिस टाइमच्या एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया बसतात. तुम्हाला एक ग्रॅम चिक्कार झालं. मिश्र रंगाचं साधं बी घ्या, उतारावर महागडं संकरित बी घालायची गरज नाही.

रांगोळी नको. ती भुकटी ओली झाली की वर पापडी धरते आणि एवढंसं रोप ती फोडू शकत नाही. कोरडी, चाळलेली बारीक वाळू घ्या.

आता वेळ. मातीला २४ ते ३० अंशांची ऊब हवी. तुमच्या भागात फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च हा चांगला काळ. डिसेंबर-जानेवारीत पेरून "बी भेसळीचं दिलंत" म्हणून भांडायला येणारी गिऱ्हाइकं मी दरवर्षी बघतो. बी चांगलं असतं, थंडीत ते हलत नाही एवढंच.

दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेली वाळू, मूठभर जुनं गांडूळखत. ट्रे भरून आधी पुरता भिजवा आणि निथळू द्या. मग वाळूत कालवलेलं बी चिमटीने वरून भुरभुरा आणि तळव्याने हलकेच दाबा. वरून माती अजिबात नाही. आपल्या लोकांचा हात मेथी-कोथिंबिरीला बसलेला असतो, बोटभर माती लोटल्याशिवाय चैन पडत नाही. या बीला उगवायला उजेड लागतो. गाडलंत की गेलं.

झारीने पाणी घालू नका, सगळं बी एका कोपऱ्यात जमतं. ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवा, वरचा थर ओलावून काळा दिसला की उचला. ट्रेवर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक घाला, पण दुपारच्या उन्हात ठेवू नका, आत शिजेल. आठवडा ते पंधरा दिवसांत दोन तांबूस, जाडसर पानं दिसतील, सुईच्या नेढ्याएवढी. ती दिसली त्याच दिवशी झाकण काढायचं. नाहीतर मर लागते. देठ जमिनीलगत पाण्यासारखा होतो आणि सकाळी रांगच्या रांग आडवी. कोकोपीटमध्ये आधीच थोडी ट्रायकोडर्मा पावडर, म्हणजे मर आवरणारी मित्रबुरशी, मिसळली तर बरं.

आणि हे नीट वाचा, कारण इथेच सगळे फसतात. कमी पाण्याचं झाड म्हणून पहिल्या दिवसापासून तहानेलं ठेवू नका. याचा काटकपणा पानात आणि खोडात साठवलेल्या पाण्यात असतो. कोवळ्या रोपाजवळ धड पान नाही, खोड नाही, साठवणार कुठे? चार-सहा खरी पानं येईपर्यंत वरचा थर सुकू द्यायचा नाही. त्यानंतर हात आखडता घ्या. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. लहानपणी कोरडं आणि मोठं झाल्यावर माया येऊन रोज पाणी. दोन्हीकडून झाड मरतं आणि नाव बियांचं खराब होतं.

माळरान
अण्णा, दंडवत. तीन प्रश्न उरले. प्रो-ट्रेच्या एका कप्प्यात किती बिया घालू? मचूळ पाण्याचं काय? आणि उतारावर थेट पेरणी बादच का?

रोपवाले_अण्णा
कप्प्यात पाच-सहा बिया पडू द्या आणि विरळणी करू नका. तो पुंजका तसाच लावायचा. एकट्या रोपापेक्षा पुंजका लवकर पसरतो. दोन पुंजक्यांत वीतभर अंतर ठेवा.

थेट पेरणी सपाट जागेवर चालते. तुमच्याकडे उतार आहे, पाणी वरून मारावं लागणार, आणि मातीत आधीच्या लॉनचं व हरळीचं काय काय दडलेलं असेल. महिन्याभरात हरळी वर आणि रोप खाली. हरळीच्या काशा आधी खणून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

मचूळ पाणी ट्रेला अजिबात नको. खालून पाणी शोषलं की क्षार वर येऊन बसतात, पांढरी साय दिसते. आणि बी नेमकं तिथेच असतं. रोपं होईपर्यंत नळाचं गोडं पाणी द्या. जमिनीत गेल्यावर बोअरचं चालवून घेईल, अधूनमधून पावसाने क्षार धुतले गेले म्हणजे झालं.

हर्बेरियम
अण्णांच्या म्हणण्याला वनस्पतिशास्त्राकडून एक पुस्ती. ऑफिस टाइम म्हणजे पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा, मूळची अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझील या पट्ट्यातली. आपली घोळ, पोर्टुलाका ओलेरेसिया, ही तिची बहीण. पाणी ताणलं की घोळ एक विलक्षण गोष्ट करते. एरवी ती मका-उसासारख्या सी-४ पद्धतीने अन्न तयार करते. दुष्काळ जाणवला की निवडुंगासारखी कॅम पद्धतही सुरू करते, म्हणजे पानांवरची रंध्रं रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा वापरायचा. दिवसा रंध्रं मिटलेली राहिली की पाणी उडून जात नाही. या दोन्ही पद्धती घोळीत एकाच प्रकारच्या पेशींत गुंफलेल्या चालतात, असं येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं.

पण ही यंत्रणा वाढलेल्या पानाची आहे. तेव्हा रोपाला ओल द्या, हे अण्णांचं म्हणणं बरोबरच आहे.

डेन्व्हरकरीण
आइस प्लांटबद्दल मी सांगते, माझ्या अंगणात तेच आहे. त्या नावाखाली निदान तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, त्यामुळे पाकिटावरचं शास्त्रीय नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

इथे कोलोरॅडोत लावतात तो डेलोस्पर्मा. मूळचा दक्षिण आफ्रिकेतला. डेन्व्हर बोटॅनिक गार्डन्समधल्या पानायोती केलायडिस यांनी तो इथल्या बागांमध्ये रुजवला. आमच्याकडे वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून १५ इंचांच्या आसपास, म्हणजे सोलापूर-बार्शीपेक्षाही कमी. कमी पाण्याच्या बागेसाठी झेरिस्केप हा शब्दही इथल्या डेन्व्हर वॉटर या पाणीपुरवठा संस्थेने १९८१ मध्ये काढला. डेलोस्पर्मा कूपेरीची जांभळी-गुलाबी फुलं जूनपासून थंडी पडेपर्यंत असतात. उणे वीसची थंडी काढतो, पण मुळाशी पाणी साचलं तर उणे दोनलाही सडतो. म्हणून खडी घातलेल्या उंच वाफ्यातच लावायचा.

बियांची गंमत बघा. याचं बोंड कोरडं असताना घट्ट मिटलेलं असतं, पाण्याचा थेंब पडला की उघडतं आणि पावसाचे थेंबच बी उडवून लांब टाकतात. मी सुकलेली बोंडं पांढऱ्या बशीत पाण्यात टाकते. बघता बघता पाच पाकळ्यांची चांदणी उघडते आणि तांबूस बी तळाशी बसतं. ते टिपकागदावर सुकवायचं. पेरताना मात्र अण्णांनी सांगितलं तेच, वर माती नाही आणि उजेडात ठेवायचं. ऊब थोडी कमी चालते, वीस अंशांच्या आसपास.

तुमच्या चार महिन्यांच्या ओल्या उकाड्यात तो टिकेल असं मला वाटत नाही. पुण्यात आईकडे कुंडीत लावून दिला होता. श्रावण काही त्याने पाहिला नाही.

रोपवाले_अण्णा
ताई, बरोबर. आपल्याकडच्या हिवाळी बियांच्या यादीत आइस प्लांट म्हणून येतं ते मेसेम्ब्रिअँथेमम. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेरायचं, फेब्रुवारीत फुलांचा नुसता सडा, ऊन तापलं की संपलं. हौस म्हणून करा, पण जमीन झाकायला उपयोग नाही.

चुकार_तट्टू
तिसरी वस्तू कुठली ते राहिलं.

डेन्व्हरकरीण
कार्पोब्रोटस. बोटाएवढ्या तिधारी पानांचा. कॅलिफोर्नियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेमार्गाकडेची माती धरून ठेवायला लावला, पुढे हमरस्त्यांच्या उतारांवरही. आता किनाऱ्यावरच्या मूळ वनस्पती गाडून तो पसरलाय आणि लोक रविवारी जमून तो उपटतात. त्यात पाणी भरलं की त्याचं वजन इतकं होतं की उभ्या उतारावरून मातीसकट घसरतो. त्यामुळे उतारासाठी म्हणून कुणी त्याचं बी खपवत असेल तर विचार करा.

कातळसडा
रत्नागिरीहून. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. ऑफिस टाइम इथे दसरा ते मे, पुढे पागोळ्यांखाली त्याचा चिखल होतो. आम्ही मे अखेरीस बी काढून वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून ठेवतो आणि नवरात्रात पुन्हा पेरतो. बारमाही झाडाचा हट्टच सोडलाय.

माळरान, मचूळ पाण्याला घाबरत असाल तर धापा बघा. खाडीच्या कडेला, भरतीचं पाणी येतं तिथे मजेत पसरलेला असतो. जाड पानं, बारकी जांभळट फुलं. पण तो फांदीनेच करतात, बियांच्या नादाला लागू नका. आणि फुलं म्हणून काही खास नाही, हिरवा गालिचा एवढंच.

माळरान
उताराबद्दल अजून कुणी? वरून खाली उंचीचा फरक साधारण तीन फूट आहे.

चुकार_तट्टू
सलग समतल चर खोदा, श्रमदानाला गाव बोलवा, फोटो काढा.

हर्बेरियम
तट्टू चेष्टा करत असले तरी उपाय तोच आहे, फक्त छोटा. उताराला आडव्या, हातभर अंतरावर विळ्याने चार बोटं खोल सऱ्या ओढा. काढलेली माती खालच्या अंगाला लावा आणि पुंजके त्या वरंब्यावर लावा, सरीत नाही. सरीत पाणी मुरतं, मुळं तिरकी तिथवर जातात आणि बुंधा कोरडा राहतो. मधल्या जागेत बोराएवढी खडी पसरा. काथ्याची जाळी मिळाली तर पहिल्या पावसाळ्यापुरती अंथरा, दोन वर्षांत ती कुजून मातीत जाते.

तिसरा_मजला
विषय निघालाच आहे तर, घोळ उगवली तर उपटून फेकू नका. मूगडाळ भिजवायची, लसणाची फोडणी, वरून घोळ आणि थोडं ताक. आंबट पालेभाजी आवडणाऱ्या घरात संपते. फक्त मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी बेताने खा, ऑक्झलेट भरपूर असतं.

आणि तोडताना देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, दुधी नावाच्या तणाच्या (भोपळा नव्हे, युफोर्बिया) कुळातलं काहीतरी जमिनीलगत पसरलेलं आहे. ते टाकून द्या. घोळीच्या देठातून निव्वळ पाणी येतं.

माळरान
मे महिन्यातला अहवाल. बी मार्चच्या सुरुवातीला पेरलं. उगवण जोरदार. एका ट्रेवर मुंग्यांची रांग लागली आणि बिया एकेक करून उचलून चालल्या होत्या. शेवटी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, पूर्वी जाळीच्या कपाटाला करायचे तोच उपाय. एप्रिलच्या मध्यावर वरंब्यांवर लावणी केली, सायंकाळी ऊन उतरल्यावर. पहिले काही दिवस दुपारी जुन्या साड्यांची सावली केली, शेजाऱ्यांना वाटलं मांडव पडलाय, लग्न आहे.

आता फांद्या पसरू लागल्यात. फुलं मात्र वरच्या दोन ओळींतच आहेत. खालच्या ओळी हिरव्यागार, लुसलुशीत, फुलाचं नाव नाही. सगळीकडे ऊन सारखंच आहे.

रोपवाले_अण्णा
खालच्या ओळींना शेणखत घातलंत का?

माळरान
घातलं. एक पाटी उरली होती.

रोपवाले_अण्णा
मग आणखी काय? नत्र जास्त झालं की पानं माजतात. खत पूर्ण बंद, पाणी दहा दिवसांनी. पान किंचित सुरकुतलं तरी धावत जाऊ नका. बोटांत धरून मऊ लागलं की मगच पाणी. मृगाच्या आत खालच्या ओळींचे शेंडे खुडून टाका, नाहीतर लुसलुशीत फांद्या पावसात आधी कुजतात. खुडलेले शेंडे फेकू नका, मोकळ्या जागी खोचा. तिसरा मजला ताईंचंही म्हणणं राहील.

तिसरा_मजला
शेवटी फांदीच!

माळरान
पावसाळ्यानंतरचा अहवाल, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून. सप्टेंबरच्या झडीत मधला एक पट्टा गेला, साधारण घोंगडीएवढा. तिथे खडी कमी पडली होती आणि वरच्या पन्हाळ्याचं पाणी येत होतं. पन्हाळं वळवलं. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचल्या. बाकी उतार पूर्ण झाकला गेलाय, किरमिजी, पिवळा, नारिंगी, पांढरा, मध्येच एखादं पट्ट्यांचं फूल. माती एक ओंजळ वाहिली नसेल. बोअरचं पाणी आठवड्याला एकदा, तेही दिवाळीनंतर सुरू केलं.

सकाळी अकराच्या सुमारास फुलाच्या मधल्या केसरांना काडीने हलकेच शिवा. केसर चक्क काडीकडे झुकतात. भाचरं तासभर तोच खेळ करत होती.

हर्बेरियम
हो, स्पर्शाने हलणारे केसर. मधमाशी उतरली की परागकण तिच्या अंगाला लागावेत अशी सोय. आणि हे रंग जास्वंदीतल्यासारखे नव्हेत, ते बीटातल्या रंगद्रव्यांच्या कुळातले आहेत.

कातळसडा
बी कधी धरायचं ते लिहा की कुणीतरी. माझं निम्मं जमिनीतच सांडतं.

रोपवाले_अण्णा
फूल एक दिवसाचं. ते गळल्यावर खाली टोकदार बोंड राहतं, आधी हिरवं, मग गवती पिवळं. बोंडाला टोपी असते. पिकलं की टोपी आडवी सुटते आणि खाली वाटीत करडं, पोलादासारखं चमकणारं बी. टोपी सुटल्यावर वाऱ्याची एक झुळूक पुरे. म्हणून पिवळं पडलं पण टोपी जागेवर आहे अशा वेळी खुडायचं, सकाळी, दव सुकल्यावर. कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, आत घाम धरतो. सगळं काही आवरत बसू नका, सांडलेलं बी पुढच्या मार्चमध्ये आपणहून उगवेल. माळरानला पुढच्या वर्षी पेरावं लागणारच नाही बहुतेक, फक्त तिथे खुरपं चालवू नका.

डेन्व्हरकरीण
डबल फुलांचं बी धरतं का? माझ्याकडच्या गेंदेदार फुलांना बोंडंच कमी येतात.

रोपवाले_अण्णा
कमीच येणार. डबलमध्ये केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, पराग आणायचे कुठून? धरलेल्या थोड्या बियांतही काही झाडं एकेरी निघतात. संकरित असेल तर रंगही हलतात. ठरावीक डबल रंग टिकवायचा तर फांदी, जमीन झाकायची तर बी.

माळरान
माझ्याकडे एकेरी मिश्र रंगाचं बी पुरून उरेल इतकं जमलंय. ज्यांना हवंय त्यांनी विपूत, म्हणजे माझ्या पानावरच्या विचारपुशीत, पत्ता टाका, साध्या टपालाने पाठवतो. कोकणातल्या मंडळींनी आत्ताच मागा, तुमचा हंगाम चालू आहे. बाकीच्यांनी फेब्रुवारीत मागा, आधी दिलं तर तुम्ही थंडीत पेराल आणि अण्णांचा ओरडा मला बसेल.

चुकार_तट्टू
मला एक पुडी. आमच्या सोसायटीत लॉनचं बिल बघून सेक्रेटरी आजारी पडलाय.